नाक चोंदलं की तंबोरा दूर जातो

नाक चोंदलं की माझा तंबोरा दूर जातो. असतो शेजारीच, खर्जाची तार बोटाखाली थरथरते तेही कळतं. पण त्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार, ज्याची वाट पाहत प्रत्येक गाणारा माणूस डोळे मिटून बसतो, तो काही केल्या येत नाही. जवारीची, म्हणजे तारेच्या त्या बारीक गुंजनाची, झिळमिळ पुसली जाते आणि नुसता जाड घुमारा उरतो. उलट माझा स्वतःचा आवाज डोक्यात एवढा मोठा होतो की मी आपसूक गळा आवरते. समोर गाणं शिकायला बसलेल्या मुलांना तेव्हा ताई आज फार हळू गातायत असं वाटत असतं.

मिरजेत राहणाऱ्या माणसाला हे जास्तच लागतं. या गावात पंढरपूर भागातून भोपळे येतात, वर्षानुवर्षं वाळतात, त्यांचे तंबोरे आणि सतारी होतात आणि देशभर जातात. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ इथे राहिले. सतारमेकरांच्या दुकानांवरून भाजीला जाता जाता जवारी लावण्याचा आवाज कानावर पडतो. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा केसभर इकडेतिकडे सरकतो आणि स्वर उघडतो. कान शाबूत असला तर तो क्षण रस्त्यावरूनही पकडता येतो. माझ्या नाकाच्या दिवसांत मात्र त्या दुकानासमोर उभी राहूनही मला फक्त तार छेडल्याचं कळतं, उघडल्याचं कळत नाही.

‘नाकाच्या दिवसांत’ म्हटलं ते जाणूनबुजून. हा त्रास कानाचा वाटतो, पण निघतो नाकातून. वडिलांचं नाकही असंच होतं. घरात एकाला ॲलर्जी असली की पुढच्या पिढीत ती उतरण्याची शक्यता वाढते, तशी ती माझ्याकडे आली. गणपती उठले, पाऊस विरळ झाला की बांधांवरचं आणि रस्त्याकडेचं गवत फुलावर येतं. पुण्यात १९५०च्या दशकात पहिल्यांदा नजरेत आलेलं गाजरगवत आता आमच्याकडच्या प्रत्येक रिकाम्या प्लॉटवर कमरेएवढं माजलेलं असतं. त्यात घटस्थापनेआधीची आवराआवर. गोधड्या, रगी, चादरी धुवायला निघतात, माळ्यावरची भांडी खाली येतात. पावसाळाभर दमट राहिलेल्या गाद्यांमध्ये धुळीतले सूक्ष्म किडे वाढलेले असतात. आपल्या अंगावरून झडलेल्या कातडीच्या कणांवर ते जगतात, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे असतात, चावत नाहीत. त्यांची विष्ठा हवेत उडते आणि ती आपल्या नाकात जाते, एवढंच. १९६०च्या दशकात नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी घरातल्या धुळीच्या ॲलर्जीमागे हे किडे आहेत हे दाखवलं. आमच्या आज्या नवरात्राआधी गोधड्या कडक उन्हात का टाकायच्या, याचं एक कारण मला तिथे सापडलं. कोरड्या हवेत हे किडे तगत नाहीत.

शिंकांचं तर सगळ्यांना माहीत असतं. परागकण किंवा ती धूळ नाकाच्या आतल्या ओल्या अस्तरावर बसते. ॲलर्जी असलेल्या माणसाच्या अंगात त्या वस्तूविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं आधीच तयार असतात आणि अस्तरातल्या पेशींवर ती पहारा देत बसलेली असतात. खरं तर निरुपद्रवी पाहुणा, पण त्याला शत्रू समजून त्या पेशी फुटतात आणि हिस्टामीन बाहेर पडतं. काही मिनिटांत खाज, शिंका, पाणी. पण एवढ्यावर संपत नाही. चार ते आठ तासांनी दुसरी फेरी येते. तिच्यात शिंका कमी आणि सूज जास्त असते. सकाळी झाडलोट केली, दुपारपर्यंत शिंका ओसरल्या, ‘बरं वाटतंय आता’ म्हणून संध्याकाळी रियाजाला बसावं तर कानाला दडे. माणूस या दोन गोष्टींची सांगड घालत नाही. झाडलोट विसरलेली असते, शिंका विसरलेल्या असतात, आणि कान ‘उगाचच’ गच्च झालेला असतो.

आता कानाचं. कानात बोट घातलं तर जिथे वाट संपते तिथे पडदा आहे. जेमतेम नऊ-दहा मिलिमीटर रुंद, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा पातळ. त्याच्या पलीकडे हवेने भरलेली एक इवलीशी खोली आहे, तिला मध्यकर्ण म्हणतात. त्या खोलीत एकमेकांत अडकलेली तीन हाडं आहेत, त्यातलं शेवटचं रिकिबीच्या आकाराचं हाड शरीरातलं सगळ्यात लहान. ही व्यवस्था का लागली, हे समजलं तेव्हा मी थक्क झाले होते. ऐकण्याचे खरे तंतू आतल्या कानात, द्रवात बुडालेले असतात. हवेतला आवाज सरळ पाण्यावर आदळला तर हजारातले नऊशे नव्व्याण्णव हिस्से परत फिरतात, एखादाच आत जातो. म्हणून पडद्याचं मोठं क्षेत्र आणि रिकिबीचं छोटं टोक यांच्या फरकातून, आणि हाडांच्या थोड्या तरफेतून, दाब वीस-बावीस पट वाढवून तो आतल्या द्रवापर्यंत पोचवला जातो. गंधार ऐकू येतो तो या तीन हाडांच्या कृपेने.

पण अट एक आहे. पडद्याच्या दोन्ही बाजूंना हवेचा दाब सारखा हवा. बाहेरच्या बाजूला सगळं जग आहे. आतल्या बाजूला ती बंद खोली, आणि खोलीचं अस्तर तिथली हवा सतत थोडी थोडी शोषून घेत असतं. ती भरून काढायला एकच वाट आहे: मध्यकर्णातून निघून नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या टोकाला उघडणारी युस्टेशियन नळी. मोठ्या माणसात ती साधारण ३५ मिलिमीटर लांब असते. एरवी मिटलेली असते. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा टाळूचा एक स्नायू तिला क्षणभर उघडतो, तेवढ्यात हवेची चिमूट आत जाते आणि ती पुन्हा मिटते. दिवसभर, आपल्या नकळत, शेकडो वेळा.

म्हणजे आपला कान नाकातून श्वास घेतो. हे एक वाक्य मला कुणीतरी लहानपणी सांगायला हवं होतं.

ज्याच्या नावाने ही नळी ओळखली जाते तो बार्टोलोमेओ युस्टाकी सोळाव्या शतकातला रोमचा शरीरशास्त्रज्ञ. १५६०च्या दशकात त्याने तिचं नीट वर्णन केलं. त्याने तांब्याच्या पत्र्यांवर कोरवून घेतलेली चित्रं १५५२ साली तयार होती, पण ती छापली गेली १७१४ साली, तो जाऊन सव्वाशेहून जास्त वर्षं झाल्यावर. नळीला त्याचं नाव दिलं व्हाल्साल्वाने. नाक दाबून, तोंड मिटून, हलकेच फुंकर मारून कान मोकळा करायची युक्ती ज्याच्या नावाने चालते तो हाच. आणि नळी एरवी मिटलेली असते, गिळताना उघडते, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनच्या जोसेफ टॉइन्बीने दाखवून दिलं. कानात सतत होणाऱ्या गुणगुणीवर इलाज सापडावा म्हणून हा माणूस स्वतःवरच क्लोरोफॉर्मच्या वाफेचा प्रयोग करत होता आणि १८६६ साली त्यातच गेला. ज्या कानाबद्दल आपण घाटात दोन मिनिटं कुरकुरतो त्याच्यापायी एक माणूस जिवाला मुकला आहे.

घाटाचं म्हणाल तर, चढताना कान फारसा त्रास देत नाही. बाहेरचा दाब कमी होतो, आतली हवा फुगते आणि नळीतून स्वतःच वाट काढून निघून जाते. उतरताना उलट. बाहेरचा दाब वाढतो, पडदा आत ढकलला जातो, आणि हवा आत यायला नळी आपण उघडावी लागते. म्हणून आंबा घाट उतरून रत्नागिरीला जाताना दडे जास्त बसतात आणि गोळी चघळली की सुटतात. सहाशे मीटर खाली आलं की दाबात पडणारा फरक पाऊण मीटर पाण्याच्या दाबाएवढा असतो. तारकर्लीला स्कूबाच्या हौसेने जाणाऱ्या माझ्या ओळखीतल्या मुलांना मी हे मुद्दाम सांगते: पोहायला उतरून कमरेएवढ्या खोलीला बुडी मारलीत की कानाने अख्खा घाट उतरलेला असतो. नाक चोंदलेलं असताना समुद्राच्या तळाला जायची घाई करू नका. पैसे भरलेत म्हणून तर मुळीच नको. पडदा फाटू शकतो.

ॲलर्जीच्या दिवसांत नेमकं काय बिघडतं, ते आता सरळ आहे. नाकाचं अस्तर आणि नळीच्या तोंडाचं अस्तर अखंड एकच. एक सुजलं की दुसरंही सुजतं. नळी गिळतानाही पुरती उघडत नाही. आत हवा शोषली जातच राहते, भरून येत नाही, दाब उणा होतो, पडदा आत ओढला जातो. ताणलेला पडदा मोकळेपणाने थरथरत नाही आणि तंबोरा दूर जातो. रात्री आडवं पडलं की नाकातला रक्तपुरवठा वाढून सूज वाढते, झोपेत गिळणंही फार कमी होतं, म्हणून सकाळ सगळ्यात वाईट. त्यात एक सवय भर घालते. वाहणारं नाक जोरात आत ओढणं. त्या ओढीसरशी नाकाच्या मागचा दाब उणा होतो आणि नळीतून कानातली हवाच बाहेर खेचली जाते. ‘नाक ओढू नकोस, शिंकर’ हे वाक्य शिस्तीपेक्षा कानासाठी महत्त्वाचं आहे. शिंकरायचं तेही एकेक नाकपुडी, बेताने. दोन्ही दाबून जोर लावला तर शेंबूड कानाच्या दिशेने ढकलला जातो.

हे असंच बरेच दिवस राहिलं तर उणा दाब भरून काढायला मध्यकर्णाचं अस्तर स्वतःच पाझरू लागतं. हवेच्या जागी पाणी साठतं. पुढे ते दाट होतं, कधी डिंकाइतकं चिकट. त्यात जंतूंचा हल्ला असतोच असं नाही. ताप नाही, ठणका नाही, कान वाहत नाही. फक्त ऐकू कमी येतं. साधारण पंचवीस-तीस डेसिबलने. कुजबुज जवळजवळ पूर्ण गायब, आणि बोलणं भिंतीपलीकडून आल्यासारखं.

मोठ्या माणसाला हे कळतं, तो चिडतो, डॉक्टर गाठतो. मुलांना कळत नाही. मला खरं बोलायचं आहे ते मुलांबद्दलच.

माझ्या वर्गात एक मुलगी येते, आठ-नऊ वर्षांची. गोड गळा. पण वर्षातले काही महिने ती स्वर धरायला उशीर लावायची. मी ‘सा’ दिला की ती आधी माझ्या ओठांकडे बघायची, मग शेजारणीकडे, मग गायची, तेही इतकं हळू की लाजते असंच कुणालाही वाटावं. मधूनच जीभ टाळूला घासून ‘टॉक टॉक’ असा आवाज काढायची. टाळू खाजली की ॲलर्जीवाली मुलं हे करतात. तळहाताने नाकाचा शेंडा वर ढकलायची, डोळ्यांखाली सावळी छाया, तोंड अर्धवट उघडं. ही सगळी लक्षणं मी आरशात पाहिलेली आहेत. मी तंबोरा उचलला आणि अगदी तिच्याजवळ जाऊन बसले. खर्ज छेडला. तिने डोळे मोठे केले आणि पहिल्या फटक्यात नेमका षड्ज लावला.

तिची आजी तिला आणायला येते. तिला विचारलं, घरी ऐकू येतं का हिला नीट?

‘‘ऐकतंय की! पण मनावर घेत न्हाई. टीव्ही मोठा लावतंय, हाक मारली की तिसऱ्यांदा ओ देतंय. शाळेतबी बाई म्हणत्यात, लक्ष नसतं म्हणून.’’

‘‘आजी, सर्दी असते तेव्हा जास्त होतं का हे?’’

आजी थांबल्या. ‘‘व्हय की. पण ती सर्दी तर हाय कायमचीच. कानात लसणाचं तेल घालते मी रोज रातच्याला.’’

त्या तेलामागची माया मला कळते. माझ्याही कानात ते पडलेलं आहे. पण तेल पडद्याच्या अलीकडे राहतं आणि अडचण पडद्याच्या पलीकडे असते. पडदा धड असेल तर तेलाचा थेंबही तिथे पोचत नाही, आणि पडद्याला भोक असेल तर जे पोचतं ते पोचू नये. एवढं मी आजींना सांगितलं आणि नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे न्यायला लावलं. मुलीला यासाठी कधी रागावू नका, हेही मी त्यांना सांगितलं. तीनदा हाक मारायला लावणारं मूल हट्टी असेल, पण आधी त्याला पहिली हाक ऐकू आली का, हे बघायला हवं.

मुलाचा दोष नसतो, आणि खरं म्हणजे घरच्यांचाही नसतो. हा बहिरेपणा येतो-जातो. एका आठवड्यात पोरगी सगळं ऐकते, पुढच्या आठवड्यात नाही. मग सगळ्यांना वाटतं, ‘ऐकू तर येतं हिला, मनात असलं की.’ शिवाय असं कमी ऐकू येणारी मुलं ओरडत नाहीत. आपला स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतूनही आतल्या कानाला पोचतो. बाहेरचा आवाज अडला की हा आतला मोठा भासतो, म्हणून माणूस हळू बोलतो. ‘बहिरा मोठ्याने बोलतो’ हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं, त्यामुळे हळू बोलणाऱ्या मुलाच्या कानांवर कुणी संशय घेत नाही. वर्गात पंखा फिरत असतो, चाळीस पोरं असतात, आणि ‘भात’मधला श्वास किंवा शब्दाच्या शेवटचा ‘स’ असे दुबळे ध्वनी पहिले गळतात. श्रुतलेखनात ‘थ’चा ‘त’ होतो, वहीवर लाल गोल पडतो.

डॉक्टरांनी दुर्बीण लावली तेव्हा मी आजींसोबत होते. निरोगी पडदा मोत्यासारखा राखाडी, चमकता असतो. तिचा पिवळट, मंद झालेला होता. मग टिंपॅनोमेट्री केली. कानात एक मऊ बूच बसवतात, त्यातून हवेचा दाब थोडा कमी-जास्त करतात आणि पडदा किती हलतो ते यंत्र मोजतं. काही सेकंदांचं काम, दुखत नाही, मुलाने काही सांगावंही लागत नाही. पडदा नीट हलत असेल तर कागदावर मधोमध शिखर येतं. आत उणा दाब असेल तर शिखर डावीकडे सरकतं. पाणी असेल तर शिखरच नाही, सपाट रेघ. तिच्या दोन्ही कानांची रेघ सपाट आली. आजी त्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिल्या. एवढे दिवस ‘मनावर घेत न्हाई’ म्हणून ज्याला नाव दिलं होतं ते तिथे कागदावर उमटलेलं होतं.

पुढचा सल्ला मला फार पटला, आणि तो ऐकायला पालकांना सगळ्यात जड जातं म्हणून सविस्तर लिहिते. डॉक्टर म्हणाले, तीन महिने थांबू. असं पाणी बहुतेक लहान मुलांच्या कानात कधी ना कधी साठतं आणि त्यातलं पुष्कळ आपोआप ओसरतं. मुलांची नळी आखूड आणि आडवी असते, मूल वाढतं तशी ती लांब आणि तिरकी होते, आणि कानही सुधारतो. ॲलर्जीमुळेच हे पाणी होतं का, यावर तज्ज्ञांमध्ये एकमत नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये ॲलर्जी असलेल्या स्वयंसेवकांच्या नाकात परागकण फुंकून पाहिले; नळीचं काम बिघडलं, पण कानात पाणी झालं नाही. ॲलर्जीच्या गोळीने कानातलं साठलेलं पाणी आटत नाही, हे मुलांवरच्या चाचण्यांमधून पुरेसं स्पष्ट झालेलं आहे. तेव्हा कानासाठी म्हणून गोळ्यांचा मारा नको. नाकाची ॲलर्जी मात्र आहे, ती नाकासाठी म्हणून नीट आवरायची, कारण चोंदलेल्या नाकाने मूल झोपत नाही, चिडचिडं होतं आणि नळीलाही मोकळा वारा मिळत नाही.

नाक आवरणं म्हणजे रोजचा स्टिरॉइडचा फवारा. स्टिरॉइड म्हटलं की घरात सगळे दचकतात; पण नाकात मारायच्या या फवाऱ्याची मात्रा अगदी अल्प, आणि नव्या औषधांचा रक्तात जाणारा हिस्सा नगण्य असतो. मूल वाढतंय तोवर डॉक्टरांच्या नजरेखाली घ्यावा, एवढं पथ्य. त्याचा गुण लगेच येत नाही, काही दिवसांनी किंवा आठवड्याने येतो, आणि पहिल्या तीन दिवसांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून लोक बाटली कपाटात टाकतात. मारायची रीतही आहे. डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, बाटलीचं तोंड नाकाच्या मधल्या भिंतीपासून बाहेरच्या अंगाला ठेवून, म्हणजे घोळणा फुटत नाही. याउलट दुकानातून आणलेले नाक झटक्यात मोकळं करणारे थेंब. ते तीन-चार दिवसांपलीकडे वापरले तर नाक त्यांच्याशिवाय उघडायचंच बंद होतं. जलनेती, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणं, मला स्वतःला मानवते. पाणी उकळून कोमट केलेलं आणि मीठ बेताचं हवं. नळाचं कच्चं पाणी नाकात कधीही नको.

आणि फुगा. १८६३ साली व्हिएन्नाच्या ॲडम पोलिट्झरने रबरी फुग्याने एका नाकपुडीत हवा फुंकून, त्याच क्षणी रोग्याला पाण्याचा घोट गिळायला लावून, नळी उघडायची रीत सांगितली. तिचंच आजचं रूप म्हणजे नाकपुडीला छोटी नळी लावून नाकाने फुगवायचा फुगा. ब्रिटनमध्ये शाळकरी मुलांवर घेतलेल्या चाचणीत त्याचा थोडा पण खरा फायदा दिसला होता. आमच्या या मुलीला तो फार आवडला. नाकाने फुगा फुगवते म्हणून गल्लीतली पोरं बघायला जमायची.

तीन महिन्यांनंतरही दोन्ही कानांत पाणी असेल आणि ऐकू कमी येत असेल तर ग्रोमेटचा विचार होतो. पडद्याला बारीक छेद देऊन एक इवली नळी बसवतात. आजींना भीती होती, पडद्याला भोक पाडल्यावर पोरीला ऐकू कसं येईल? मी त्यांना तेलाच्या डब्याची आठवण दिली. डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येत नाही, अडखळतं. समोर दुसरं भोक पाडलं, हवा आत गेली, की धार लागते. ग्रोमेट हे ते दुसरं भोक. नाकाच्या वाटेने हवा येत नाही ना, मग बाहेरून येऊ द्यायची. सहा महिने ते दीड वर्षात ते बहुधा आपसूक गळून पडतं आणि पडदा भरून येतो. तिला ते लागलं नाही. पुढच्या तपासणीत एका कानाला शिखर आलं होतं, दुसऱ्यालाही आलं होतं, पण डावीकडे सरकलेलं. डॉक्टर म्हणाले, अजून बघू. शाळेत तिला पहिल्या बाकावर बसवलं आहे आणि बाई बोलताना तिच्याकडे तोंड करतात. औषधांइतकंच याचं मोल आहे.

मोठ्यांसाठी दोन गोष्टी सांगणं माझं काम समजते. सर्दी, ॲलर्जी काही नसताना एकाच कानात पाणी साठलं आणि हटलंच नाही, तर नाकाच्या मागचा भाग दुर्बिणीने तपासून घ्यावा. नळीच्या तोंडापाशी गाठ असली तर क्वचित तिचं पहिलं लक्षण हेच असतं. दुसरी गोष्ट गाणाऱ्यांना चटकन जमेल अशी आहे. एक कान अचानक गेला, तर ओठ मिटून षड्ज लावा आणि तो कुठे घुमतो ते बघा. बंद कानात घुमला, तर अडथळा बहुधा मध्यकर्णात, म्हणजे दडे किंवा पाणी. चांगल्या कानात घुमला, तर आतल्या कानाची नस दुखावलेली असू शकते. त्यावर पहिल्या काही दिवसांतच उपचार सुरू व्हावे लागतात. ‘दडे बसलेत, सुटतील’ म्हणून आठवडा घालवू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. डॉक्टर नादकाट्याने (ट्यूनिंग फोर्कने) जी तपासणी करतात तिचंच हे घरगुती रूप आहे. तिने त्यांचं काम होत नाही, पण घाई करायची की नाही एवढं कळतं.

शाळांमधून मुलांची तपासणी होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याची पथकं सरकारी शाळांत वर्षातून एकदा आणि अंगणवाड्यांत दोनदा जातात, आणि त्यांच्या यादीत कानाचे आजार आहेत. ही फार मोठी सोय आहे. पण येता-जाता बहिरेपणा वर्षातल्या एका दिवशी सापडेलच असं नाही. एप्रिलच्या कोरड्या हवेत तपासलेला कान ऑक्टोबरातल्या कानाबद्दल काही सांगत नाही. म्हणून मी माझ्या वर्गातल्या पालकांना आता सांगते की मुलाचं नाक भरलेलं असेल तेव्हाच त्याचे कान तपासा, आणि नुसतं ऐकण्याची चाचणी नको, टिंपॅनोमेट्रीही मागा. प्रवेशाच्या वेळी मी तीन प्रश्न विचारते. सकाळी उठल्यावर शिंका येतात का? घोरतं का, तोंड उघडं टाकून झोपतं का? पाठमोरं असताना हळू मारलेली हाक कळते का? तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक जण म्हणतात, तसं कधी बघितलं नाही. मग त्याच आठवड्यात ते घरी बघतात, आणि काही जणांचा फोन येतो.